उजव्या बाजूचं इंजिन

तोइवो कांगास माझा विद्यार्थी. पस्तीस वर्षांपूर्वी मी त्याला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. मार्चच्या एका दुपारी तो बंदराच्या संग्रहालयात, मी आता बसते तिथे, आला, तेव्हा त्याच्या काखेत बुटांचं खोकं होतं.

"बाई, जुन्या इंजिनांची पुस्तकं तुम्ही हुडकून देता म्हणे."

आमच्या बंदरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्त झाल्यापासून मी तेवढंच करते. पाटीवरचा नंबर, ओतीव लोखंडावरचे आकडे आणि बोल्टांची संख्या यांवरून इंजिन ओळखायचं आणि त्याचं माहितीपुस्तक कुणाकडे उरलंय ते शोधायचं.

तोइवो दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या आरमारी बोटीवर राहत होता. घर मोडल्यावर त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. बंदराची नोटीस आली होती: बारा एप्रिलच्या दुपारपर्यंत बोट स्वतःच्या इंजिनावर नदीच्या पूर्वेकडच्या धक्क्याला न्यायची, नाहीतर ती मोडीत निघणार.

"इंजिनावरची पाटी कुणीतरी घासून टाकलीय," तो म्हणाला. "नंबर म्हणून एवढाच सापडला."

खोक्यात एक पितळी बिल्ला होता. त्यावर ठोकलेली अक्षरं होती: 'शाफ्टवर माणूस आहे. सुरू करू नये. ब्रँटली. इंजिन २२१८.'

आकडा मिळाल्याचा मला इतका आनंद झाला, की बाकीचं मी नुसतं वाचलं.

त्या नंबराचं पुस्तक मेरीलँडमधल्या एका म्हाताऱ्या नौसैनिकाकडे निघालं. नऊ दिवसांनी ते टपालाने आलं. त्याबरहुकूम तोइवोने सगळं जुळवलं, पण इंजिन चालू होईना. तीन दिवस नुसता पांढरा धूर येत होता. चौथ्या दिवशी मी स्वतः बोटीवर गेले.

खाली उतरताच चूक लक्षात आली. जागा दोन इंजिनांची होती. डावीकडे इंजिन होतं. उजवीकडे इंजिन बसवायची नुसती बैठक होती, रिकामी.

"दुसरं कुठे गेलं?"

"मी घेतली तेव्हापासून नाहीच. त्या बाजूचा शाफ्टही नाही, त्याच्या टोकाचा पाण्यातला पंखाही नाही. शाफ्टचं तळातलं भोक बुजवलंय."

जोडीतली दोन इंजिनं एकमेकांच्या उलट फिरतात. त्यांतलं डावं विषम आकड्याचं असतं आणि उजवं सम आकड्याचं. आम्ही नसलेल्या इंजिनाच्या हिशेबाने असलेलं इंजिन जुळवत होतो.

"बिल्ला कुठे होता?"

"उजवं इंजिन सुरू करायच्या कळीवर, तारेने बांधलेला. तार पक्कडीने तोडली."

मी खाली बसले. कामाला उतरणारा माणूस स्वतःच्या नावाचा बिल्ला कळीवर लावतो. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. बंदरातल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही.

"बाई, ऐंशी वर्षं झाली. आता तरी वर आला असेल की तो!"

"परत लाव."

"मी कोण लावणारा? नाव त्याचं आहे." तो हसला, पण बैठकीकडे त्याने पाठ केली नाही.

मी बैठकीवर हात ठेवला आणि काढून घेतला. पिशवीतला तापमापक टेकवला. डावं इंजिन आणि बोटीचं लाकूड सारखीच गार होती. बैठक त्यांच्यापेक्षा अकरा अंशांनी गरम होती. मी वहीत आकडा लिहिला. पुढे कारण लिहिण्यासाठी जागा सोडली. ती अजून कोरी आहे.

घरी येऊन डाव्या इंजिनाची पानं पुन्हा वाचायला पुस्तक उघडलं. उजव्याच्या पानांवर अंगठ्याचे तेलकट ठसे होते. आधी नव्हते. ती पानं मी तोइवोला मोबाइलवरून फोटो काढून पाठवली होती; पुस्तक माझ्या टेबलावरून हललं नव्हतं. टीपकागद लावून पाहिलं. तेल जुनं असतं तर मधोमध काळा डाग उमटला असता. हा डाग स्वच्छ, पिवळसर होता; तेल ताजं होतं.

अकरा तारखेला आम्ही डाव्याच्या हिशेबाने सगळं जुळवलं. सुरू करण्याआधी इंजिन हाताने फिरवून पाहायची पद्धत आहे. तोइवोने पहार लावून ते दोन फेरे फिरवलं. दर वेळी दाबातली हवा सुस्कारा टाकल्यासारखी सुटे. आणि दर वेळी, थोड्या अंतराने, तसाच सुस्कारा उजवीकडून येई.

"ऐकलंस?"

"बाई, उद्या माझं घर जाणार आहे," तो म्हणाला. "मी काही ऐकत नाही."

बारा तारखेला सकाळी दहा वाजता इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी गाडीने पूर्वेच्या धक्क्यावर जाऊन थांबले. बंदराची तपासनीस लोरेन तिथे कागद घेऊन उभी होती.

"एका अंगाच्या पंख्यावर येतोय," ती म्हणाली. "बघा, सुकाणू सतत दाबून धरावं लागेल त्याला. कोपर दुखेल बिचाऱ्याचं."

तिचं बरोबर होतं. फक्त डावा पंखा ढकलत असेल तर नाक उजवीकडे वळतं.

बोट दिसली. ती रेघेसारखी सरळ येत होती. तोइवोचे दोन्ही हात कठड्यावर होते.

मागे पाण्यावर फेसाचे दोन पट्टे होते.

लोरेनने ते पाहिले असावेत. तिने सही केली.

तोइवोने दोर बांधले, इंजिन बंद केलं आणि तो धक्क्यावर आला. मला मिठी मारून तो रडला. "बाई, वाचली हो."

मग मागचा दोर ताणला गेला.

वारा नव्हता. ओहोटीही थांबली होती. पुढचा दोर सैल लोंबत होता, मागचा करकरत होता. उजव्या कुशीजवळचं पाणी घुसळत होतं.

बोटीच्या तळातून ठोकल्याचा आवाज आला. तीन ठोके. थोडं थांबून परत तीन, घाईघाईने.

तोइवोचा चेहरा उतरला. "खालच्या माणसाची खूण आहे ती," तो म्हणाला. "थांबवा म्हणतोय."

तो धावत खाली गेला. मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेले. तो रिकाम्या बैठकीसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि बंद करायला काही सापडतंय का, ते दोन्ही हातांनी चाचपत होता.