सेम की सिमिलर?

दवाखान्याच्या बोळकांडीत त्याचा धक्का लागला आणि तिच्या हातातल्या रंगाच्या वाट्या खळाखळा जमिनीवर पडल्या.

“माफ करा... डावीकडचं मला दिसत नाही.”

काळा चष्मा, ताठ मान, हातांवर चटक्यांचे जुने डाग. तिनं एका नजरेत ओळखलं.

“मग माझ्याकडेच आलायत तुम्ही. कृत्रिम डोळे मीच रंगवते.”

खुर्चीत बसता बसता त्यानं बजावलं, “सेम टू सेम पाहिजे हं! लेथवर काम करतो मी. माझ्या हातचे दोन पार्ट शेजारी ठेवले, तर मालकालाही ओळखू येत नाहीत. लोखंडाचा कीस उडून डोळा गेला. हात शाबूत आहेत.”

“सेम नाही, सिमिलर मिळेल.”

“एकच की ते!”

“एकच कसं? सेम म्हणजे तोच. सिमिलर म्हणजे त्याच्यासारखा. जुना फोटो आणा, दाखवते.”

फोटोवर तिनं भिंग धरलं. डाव्या बुबुळात मधाच्या रंगाचा एक ठिपका होता, उजव्यात नव्हता.

“बघा! देवानंसुद्धा तुम्हाला सेम डोळे दिले नव्हते.”

तो पहिल्यांदा हसला.

मग चार बैठका झाल्या. वीतभर अंतरावरून ती त्याच्या उजव्या डोळ्यात बघायची आणि त्यावरून डावा रंगवायची.

“पापणी हलवू नका.”

“इतक्या जवळून कुणी बघितल्यावर... पापणीचं काय घेऊन बसलात? माझंच काही खरं नाही!”

सात वर्षांत तिचा रंग कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला. बुबुळ पुन्हा रंगवावं लागलं.

शेवटच्या दिवशी त्याची आई आली. हनुवटी धरून तिनं लेकाचं तोंड खिडकीकडे वळवलं, बराच वेळ निरखलं.

“नवा कुठला गं यातला?”

डोळा रंगवणारीची छाती अभिमानानं भरून आली. त्याचीही. डोळे पुसत आई खाली गेली. तो मात्र दारातच रेंगाळला.

“सहा महिन्यांनी पॉलिशला या,” कुंचले धुता धुता ती म्हणाली.

“सहा महिने? तोवर... मी काय करू?”

आजवर तिनं कुणापुढे शब्द टाकला नव्हता. पाणी बंद करून ती वळली.

“मलाही नाही थांबवणार. काम संपलं, तरी बघावंसं वाटतं... तुम्हाला.”

त्यानं जिन्याकडे पाहिलं.

“हे आता... आईला कसं सांगू मी?”

“तुम्ही कशाला? मीच सांगते.”

एप्रन खुंटीला अडकवून ती त्याच्यापुढे जिना उतरू लागली — मान ताठ, गाल लाल.