येतंय का?

इंटरनेटच्या फायबरची तार रस्त्यावरून दारात आणि दारातून पुढच्या खोलीत आली होती. त्यापुढे भिंती फोडायच्या नव्हत्या, म्हणून जोडणीवाल्याने तीन पांढरे डबे आणले होते. एक डबा दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला, मध्ये तार लागतच नाही, असं त्याने आईला अगदी बालवर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. आई भांडी घासता घासता ऐकत होती.

मागच्या खोलीतल्या लेकीला घरबसल्या शाळा दिसावी, यासाठी हा सगळा खटाटोप. मोठ्या तापातून पोर उठली, पण तिचा आवाज गेला तो गेलाच. आता ती पाटीवर लिहायची. कुणाला बोलवायचं असलं की पाटीवर पेन्सिलीने दोनदा टकटक करायची. तो आवाज परत यावा म्हणून आईने काय काय केलं नव्हतं? निदान ओरडेल तरी, म्हणून पोर झोपेत असताना तिला चिमटेही काढून पाहिले होते.

पुढच्या खोलीत एक डबा बसला, दुसरा बोळात. मुलीच्या हातात टॅबलेट देऊन जोडणीवाला बाहेर आला आणि सवयीने ओरडला, "येतंय का?"

"येतंय," मागून बारीक आवाज आला.

आईच्या हातातलं पातेलं निसटलं. ती धावत आत गेली. मुलगी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत होती. पाटीवर लिहिलं होतं, 'मी नाही बोलले.'

आईने ओल्या तळव्याने अक्षरं पुसली.

"दादा, पुन्हा विचारा."

नेट आलंय, काम झालंय, असं त्याने सांगून पाहिलं. ती ऐकेना. मग बोळातला डबा मागच्या खोलीच्या दारापाशी सरकवून त्याने पुन्हा विचारलं.

"येतंय."

या वेळी आवाज जवळून आला, चालता चालता कुणी ओ द्यावी तसा. जोडणीवाला दोन पावलं मागे सरकला. आत पाटी वाजली. टकटक. पुन्हा टकटक.

तिसरा डबा आईने त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः मुलीच्या उशाशी लावला. लाल दिवा लुकलुकू लागला. मुलीने घाईघाईने लिहिलं, 'आई, ते भिंतीतून येतंय.' तिने आईचं मनगट धरलं.

आईने ते सोडवून घेतलं.

दिवा हिरवा झाला.

"आलं का?" आईने विचारलं.

मुलीचे ओठ हलले.

"आलं."

तोच आवाज. तापाआधीचा, जसाच्या तसा. आईने तिला उराशी धरलं, मुके घेतले, रडली, हसली. मुलगी म्हणाली, "मला भूक लागलीय." पाटी तिने पायानेच पलंगाखाली ढकलून दिली.

टकटक.

पाटीला तर कुणाचा हात लागला नव्हता. जोडणीवाल्याने उशाशी पाहिलं.

डब्यातून पुन्हा आलं. टकटक.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "हा काढून टाकू का?"

मुलगी आईकडे बघून गोड हसली. आई बराच वेळ डब्याकडे बघत राहिली.

"काढू नका. नुसता त्याचा आवाज तेवढा बंद करून द्या."

"याला आवाजच नसतो, ताई."

मग आईने लेकीची उशी उचलली आणि डब्यावर दाबून बसवली. टकटक थांबली नाही. पण आता कान दिला तरच ऐकू येत होती.