हळदीच्या पानाचा धूर

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने मोडीत काढलेली कामगारांची बस हरिश्चंद्राने आपल्या गावी, पावसला आणली, तेव्हा तिच्यात माणसांऐवजी कोंबड्या बसत. चार महिने तो आणि लवू तिच्यामागे लागले. दोघांनी एकाच गॅरेजात तीस वर्षं हात काळे केलेले. एकाने पाना मागायच्या आत तो दुसऱ्याने पुढे केलेला असायचा. त्यांनी मागे दुसरी टाकी बसवली, इंजिनाचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून तिच्यात फिरवलं. गाडी डिझेलवर चालू करायची, टाकी तापली की कॉक फिरवायचा आणि हॉटेलांतलं वापरलेलं, फडक्यातून सात वेळा गाळलेलं तळणीचं तेल इंजिनात सोडायचं. यात देवाधर्माचं काही नव्हतं. बस धावली.

धुराला वास मात्र तळणीचा. कधी भज्यांचा, कधी मांदेलीचा.

"हरीदा, मागून कुत्र्यांची वरात निघालीय बघ."

"त्यातली अर्धी तुझ्या ओळखीची असतील, मेल्या."

तेल आणायचं काम लवूचं. श्रावण सरल्यावर त्याने एक नवा कॅन आणला. गोळपच्या चढावर हरिश्चंद्राने कॉक फिरवला, आणि पुढच्याच वळणावर ब्रेक दाबला.

वास वड्यांचा होता. धणे, बडीशेप, मेथी कोणीही घालतं. पण वड्याच्या पिठात वाळलेल्या हळदीच्या पानाचा चुरा घालणारी बाई त्याने जन्मात एकच पाहिली होती. त्याची बायको, यमुना. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"कुठलं रे हे तेल?"

"हॉटेलातलं," लवू म्हणाला, खिडकीबाहेर बघत.

पुढचा कॅन तसाच. त्याच्या पुढचाही. हरिश्चंद्र संध्याकाळी उगाच बस चालू ठेवून मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहू लागला. डोळे भरायचे, धुराने, म्हणायचा. तेवढीच त्याला ती परत मिळत होती.

मग पितृपक्ष लागला आणि म्हाळातली अविधवा नवमी आली. त्याने यमुनेच्या नावाचं पान अंगणात ठेवलं. कावळे माडावरून नुसते बघत राहिले. गेली दोन वर्षंही असंच झालं होतं.

"काय राहिलं गो तुझं? बस नको? बरं, विकतो."

कावळे उठले आणि ओळीने लवूच्या घराकडे गेले.

लवू एकटा, बिनलग्नाचा. त्याच्याकडे त्या दिवशी कोणाचाच म्हाळ नव्हता.

हरिश्चंद्र ते पान हातात घेऊनच निघाला. भर दुपार. लवूच्या अंगणात कावळे वड्यांवर तुटून पडले होते. आतून तळणाचा आवाज येत होता. लवू दारात आडवा आला.

"हरीदा, आत नको."

"कोण आहे आत?"

"मी नाही बोलावली. आपणहून आली. बाराव्याच्या संध्याकाळी."

हरिश्चंद्राच्या हातातलं पान कलंडलं. खीर पायावर सांडली.

"तीन वर्षं? आणि मला हॉटेल सांगतोस?"

"सांगितलं असतं तर नेली असतीस."

त्याने लवूला बाजूला सारलं.

चुलीपुढे ती पाटावर बसली होती. तळहातावर वडा थापत होती.

"यमुने."

तिने वर पाहिलं.

मग परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला, आणि लवूला हळूच विचारलं,

"पाहुणे जेवून जातील ना?"