‘सोड’ म्हणणारा आवाज

दार लोटून घ्या रे. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

आमचा काचवाला तुम्हाला माहीतच आहे. खिडक्यांना काचा बसवतो. सहा फुटी तावदान एकटा तीन मजले चढवील, पण ओरखडा पडू देणार नाही. त्याच्याच तोंडून ऐकलंय, तसंच सांगतो.

गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. दोन महिन्यांची असताना एकदा तिला हातांवर घेऊन गच्चीत उभा होता. अचानक डोक्यात आलं, सोड हिला. बस्स, एवढंच. घामाघूम होऊन खाली आला. बायकोला काय सांगणार? त्याने ठरवलं, हा विचार पुन्हा येऊ द्यायचा नाही. आणि तो रोज यायला लागला. जेवताना, आंघोळीला, झोपेत. दाबला की दुप्पट जोराने. मग याने पोरीला उचलणंच सोडलं. बायको रडायची, ‘तुला मुलगा हवा होता ना?’ हा चपला घालून कामावर निघायचा.

चौदा नोव्हेंबर, मंगळवारची रात्र. दोन वाजून दहा मिनिटं. पोर तापाने फणफणली. बायकोच्या पायाला प्लास्टर. अँब्युलन्सवाले म्हणाले, तास लागेल. डॉक्टरीणबाई पुलापलीकडेच राहतात, चालत दहा मिनिटं.

‘ने तिला,’ बायको म्हणाली.

‘शेजारच्या काकूंना...’

‘त्या गावाला गेल्यात. अरे, बाप आहेस ना तू?’

निघाला. विचार नको म्हणून सतराचा पाढा म्हणत. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. हे त्याचं रोजचं औषध.

पूल लागला. अर्ध्यात दिवे बंद. कठडा जेमतेम कमरेएवढा. खाली पाण्याचा आवाज.

‘सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक...’

‘अडुसष्ट.’

मागून.

वळून पाहिलं. कुणी नाही.

तो भरभर चालू लागला. मोठ्याने म्हणू लागला. प्रत्येक उत्तर त्याच्या आधी मागून येत होतं. दर वेळी थोडं जवळून. मग पाढा थांबला. कानाशी थंड वारा लागला.

‘सोड.’

नाही.

‘सोड.’

नाही, नाही...

पाय आपोआप कठड्याकडे वळत होते. बोटं सैल पडत होती. पोर रडायची थांबली होती...

तो मटकन खाली बसला. पुलाच्या मधोमध. आणि ओरडला, ‘हो! येतं माझ्या मनात! रोज येतं! दोन महिने येतंय! मला वाटतं मी हिला टाकीन... मला नाही टाकायचंय रे हिला... काय करू मी? थकलो...’

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते तोंडाने म्हटलं. लहान मुलासारखा रडला.

मागे शांत.

बराच वेळ... शांत.

मग उठला. कसा पोचला, त्याला आठवत नाही.

पोर वाचली. अजून अर्धा तास गेला असता तर झटके आले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘वेड्या, मला सांगायचंस ना. माझ्या काय असलं कधी मनात येत नाही?’ हल्ली पोर सतत त्याच्याच कडेवर असते. तो विचार अजूनही येतो म्हणे. येतो, जातो. हा त्याला हाकलत नाही.

पण एक गोष्ट राहिलीच.

त्या रात्री दार उघडून डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केले, ‘द्या इकडे.’ पोर सुटेना. एका रुंद, ओल्या कापडी पट्टीने ती त्याच्या छातीशी घट्ट बांधलेली होती. घरातून निघताना असलं काही नव्हतं, बायको शपथेवर सांगते. पट्टी कात्रीने कापावी लागली.

मी पाहिलीये ती. गाठ अजून तशीच आहे. ती त्याच्या पाठीवर होती, दोन्ही खांद्यांच्या मधोमध... जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही.