पान तेराशे बावीस

“अकरा तुकडे!” पेन्सिलने मूठ टेबलावर रिकामी केली. “माझ्या चिठ्ठीचे त्या माणसाने अकरा तुकडे केले. मी मोजलेत. आणि मी त्याला सोडणार नाही!”

पेन्सिल म्हणजे बारा वर्षांची, उंच, काटकुळी आणि टोकदार बोलणारी मुलगी. सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ फुगा आजोबांकडे आले होते. मावसबहीण चष्मिस गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची, म्हणजे दिवसभर इथेच असायची.

झालं होतं असं. वाचनालयात शब्दस्पर्धा चालू होती. दर सोमवारी फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहिली जायची. ती तिन्ही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा, चिठ्ठीवर तो शब्द आणि शब्दकोशातला पान क्रमांक लिहायचा, आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. शनिवारी निकाल. पहिल्या आठवड्याची अक्षरं होती जे, एक्स आणि पी. पेन्सिलने दोन दिवस आजोबांचा जाडजूड कोश पालथा घातला आणि ‘जक्स्टापोझिशन’ शोधून काढला. तब्बल तेरा अक्षरं!

शनिवारी कारकूनकाकांनी निकाल वाचला. शब्द तोच, पण विजेता त्यांचा भाचा!

“हा माझा शब्द आहे!” पेन्सिल ओरडली.

कारकूनकाकांनी पेटीतून तिची चिठ्ठी काढून वर धरली. “माझा भाचा दिवसभर इथला कोश घेऊन बसतो. त्याचं बघून लिहिलंस आणि वर तोंड करून बोलतेस?” टर्रर्र! चिठ्ठी फाटली. ग्रंथपालबाईंनीही त्यांचंच खरं मानलं आणि उरलेली सुट्टी पेन्सिलला वाचनालयाचं दार बंद केलं. गल्लीतली पोरं तर तिला ‘कॉपीबहाद्दर’ म्हणायला लागली. ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

“त्यांच्या सायकलची हवा सोडू या!” फुगा म्हणाला.

“हवा काय, पुन्हा भरतील. मला त्यांचं नाक कापायचंय. सगळ्यांसमोर!”

एवढ्यात चष्मिस धापा टाकत आत आली. “मी आत्ता विजेत्याची चिठ्ठी बघून आले, फळ्याशेजारी लावलीय. पान क्रमांक लिहिलाय सहाशे चौऱ्याऐंशी!”

“मग? मीही तोच लिहिला होता.”

“अगं वेडे, तिथल्या कोशात त्या पानावर ‘पी’चे शब्द आहेत! तुझा शब्द तिथे पाचशे एकेचाळीस पानावर आहे!”

तिघंही धावत आजोबांकडे गेली. आजोबांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “सरळ आहे. कोश वेगळा, म्हणून पानं वेगळी. त्या गृहस्थाने पेटी उघडली आणि डोळे मिटून शब्द उतरवला, आकड्यासकट!”

“चला, आत्ताच ग्रंथपालबाईंना सांगू!” चष्मिस म्हणाली.

“अजिबात नाही!” पेन्सिलचे डोळे चमकले. “आकडा चुकला म्हणतील आणि सगळं केबिनमध्ये मिटेल. माझी चिठ्ठी काही केबिनमध्ये फाडली नव्हती. तिथला कोश किती पानांचा आहे?”

“अकराशे चार.”

“आणि आपला चौदाशेचा! या वेळी शब्द अगदी मागच्या पानांतला हवा.”

सोमवारी अक्षरं आली पी, एम आणि के. तिघंही कोशाच्या शेवटच्या भागावर तुटून पडली. फुग्याला प्रत्येक शब्द लांबच वाटत होता. मंगळवारी दुपारी पेन्सिल एकदम किंचाळली, “सापडला! ‘अनस्पोर्ट्समनलाइक’! पंधरा अक्षरं, पान तेराशे बावीस!” मग तिने अर्थ वाचला आणि पोट धरून हसत सुटली.

चिठ्ठी फुग्याने आपल्या नावाने टाकली.

शनिवारी वाचनालय गच्च भरलं होतं. पेन्सिल बाहेर खिडकीचे गज धरून उभी होती.

“विजेता, पुन्हा एकदा माझा भाचा!” कारकूनकाका म्हणाले. “अनस्पोर्ट्समनलाइक!”

चष्मिस उठली. “बाई, विजेत्याने कोशातून अर्थ वाचून दाखवला तर आम्हालाही कळेल!”

“छान सुचवलंस!” ग्रंथपालबाई खूश झाल्या. “कुठल्या कोशात सापडला रे तुला?”

भाच्याने मामांकडे पाहिलं. मामांनी छाती फुगवली. “इथल्याच की! दिवसभर तोच घेऊन बसलेला असतो.”

“पान?”

“ते... तेराशे बावीस,” भाचा अडखळला.

भाचा पानं उलटू लागला. एक हजार... अकराशे... अकराशे चार. पुढे नुसता पुठ्ठा! त्याने पुठ्ठासुद्धा उलटून पाहिला. सगळं वाचनालय खो-खो हसायला लागलं.

“तेराशे बावीस इथे आहे,” म्हणत आजोबांनी आपला कोश धाडकन टेबलावर ठेवला.

“आणि माझी चिठ्ठी या वेळी पेटीत नाही, काकांच्या खणात असणार!” फुगा ओरडला.

बाईंनी कारकूनकाकांचा खण उघडला. चिठ्ठी तिथेच होती. फळ्याशेजारच्या चिठ्ठीतलं सहाशे चौऱ्याऐंशी पानही त्यांनी आजोबांच्या कोशात काढून पाहिलं; ‘जक्स्टापोझिशन’ तिथेच होता. मग तेराशे बावीस काढून त्यांनी अर्थ मोठ्याने वाचला. “खेळात लबाडी करणाऱ्याला शोभेल असं! घ्या, तुमचाच शब्द.” कारकूनकाकांचा चेहरा पांढराफटक पडला.

“आत ये गं,” बाई खिडकीकडे वळल्या. “चूक माझीही झाली. शहानिशा न करता तुला बाहेर काढलं. डोकं मात्र जबरदस्त चालवलंत हं तिघांनी!” मग त्या कडाडल्या, “कारकूनसाहेब, फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहा. ‘पहिल्या आठवड्याचा शब्द हिचा होता, आणि तो मी चोरला.’”

खडू करकरत राहिला. भाचा पेन्सिलजवळ येऊन पुटपुटला, “मी मामाला नको म्हणालो होतो.”

“मग ते माझी चिठ्ठी फाडत होते तेव्हा का नाही म्हणालास?”

फळ्याशेजारची ती पहिली चिठ्ठी पेन्सिलने काढली आणि कारकूनकाकांसमोर सावकाश फाडली. “एक... दोन... तीन...” आता कुणीच हसत नव्हतं. अकरावा तुकडा झाल्यावर तिने सगळे त्यांच्या तळहातावर ठेवले.

“मोजून घ्या, काका.”

परतताना आजोबांनी विचारलं, “काय गं, बरं वाटलं?”

“खूप!” पेन्सिल म्हणाली आणि जड कोश पेलायला त्यांच्या हाताखाली हात घातला.