उतरणीचे बाण

तो दिवा जरा इकडे सरकवा. हां, एवढा. म्हणजे मला दार दिसतं.

दर रविवारी मी त्या फाट्यावर वाहतूक पोलिसासारखी का उभी असते, हेच विचारायला तुम्ही आलात ना? तुमच्या मंडळातली माणसं हसतात, मला ठाऊक आहे. हसू देत. पण तुम्ही गिरिभ्रमण मंडळाचे चिटणीस, बाण रंगवायचं काम तुम्हीच मला दिलं होतं, तेव्हा तुम्हाला खरं काय ते कळायला हवं.

बत्तीस वर्षं मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गाड्यांच्या नंबरांच्या. सहा दिवस रंगाचा वास, म्हणून रविवार मोकळ्या हवेत. मी आणि माझा धाकटा भाऊ गाडी काढायचो. लांब कुठे नाही, तासाभराच्या आतलं. पाव, उकडलेली अंडी, थर्मासभर कॉफी. एखादी टेकडी चढायची, वर बसून खालचा देखावा बघायचा, अंधार पडायच्या आत घरी. बेचाळीस वर्षांचा झाला तरी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. त्याची बायको नर्स. रविवारी तिची रुग्णालयात पाळी असायची, त्यामुळे आम्हा दोघांचंच जाणं व्हायचं. राहायचो मात्र तिघं इथेच, या दुसऱ्या मजल्यावर.

तुमचं काम आलं तेव्हा आम्ही दोघं हरखून गेलो. फिरायचं आणि वर रंगवायचं! वाट चढत एकतीस दगडांवर पिवळे बाण मारले. मी रंगवायची, तो डबा धरायचा. प्रत्येक बाणाशेजारी तो अंगठा रंगात बुडवून ठसा उमटवायचा. म्हणायचा, "ताई, पाटीखाली रंगाऱ्याची सही असते ना, तशी ही डबेवाल्याची सही." लहानपणी गाडीच्या दारात सापडून त्याचा अंगठा चिरला होता. ठशात ती तिरकी रेघ उमटायची.

वर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पोटात कावळे ओरडत होते. तो म्हणाला, "ताई, उतरताना उलट्या बाजूनेही मारू या. खाली येणाऱ्याला हे बाण दिसत नाहीत." मी म्हटलं, "चढताना कळलं की उतरताना कळतंच. मला नको शिकवूस." तो पुन्हा म्हणाला. मी डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि अंडी सोलायला घेतली.

झालं. एवढीच चूक. पाट्या रंगवणाऱ्याचं डोकं असंच चालतं बघा, माणूस समोरूनच येणार असं धरून चाललेलं.

पाच महिन्यांनी माझं एक मोठं काम आलं आणि तो एकटाच गेला. वर धुकं उतरलं. दुसऱ्या दिवशी शोधणाऱ्यांना तो कड्याखाली सापडला. त्यांचा पुढारी मला म्हणाला, "फाट्यावर चुकला. उजवीकडे वळायचं, तो डावीकडे गेला." ती डावीकडची वाट तुम्ही पाहिलीय. रुंद, सपाट, अगदी बोलावणारी. दीडशे पावलांवर कडा.

मला कोणी बोल लावला नाही. पण मी नंतर एकदा वर जाऊन उतारावरून पाहिलं होतं. एकूण एक दगड कोरा.

भावजयीला मी हे सांगितलं नाही. तोंडच उघडेना. ती रोज सकाळी मला कॉफी द्यायची आणि मी मान खाली घालून प्यायची.

मग तुमची चिठ्ठी आली की पुढच्या रविवारी चाळीस माणसं त्या वाटेने नेणार. मी त्याच रात्री ठरवलं. काही झालं तरी एकतीसच्या एकतीस बाण उतरणीच्या बाजूने मारायचे. भावजय म्हणाली, "मी येते. डबा कोण धरणार तुमचा?" मी नको म्हटलं. तिने सुटी टाकली आणि गाडीची किल्ली स्वतःच उचलली.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही वर पोचलो. लख्ख ऊन. खालचं गाव, पाण्याची टाकी, आमच्या इमारतीची गच्चीसुद्धा दिसत होती. भावजय त्याच्याविषयी बोलत होती, हसतसुद्धा होती. मला वाटलं, आज खाली पोचलं की सांगून टाकू.

पहिला दगड तारेच्या ब्रशने घासला, फडक्याने पुसला, बाण मारला. दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी धुकं आलं. कसं आलं ते कळलंच नाही. ब्रश डब्यात बुडवला तेव्हा ऊन होतं, वर काढला तेव्हा भावजयीचे पाय दिसेनात. पाखरं गप्प झाली. ओल्या मातीचा वास आला आणि त्यात आमच्या कामाचा, टर्पेंटाइनचा.

वास आमच्या डब्याचा असेल म्हणून मी चालत राहिले. पण तो पुढून येत होता.

पाचव्या दगडावर बाण होता.

उतरणीच्या बाजूने. पिवळा. मी बोट लावलं, तर बोटाला रंग आला. तेलरंग सुकायला चार-पाच तास लागतात हो, आणि सकाळपासून त्या वाटेवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. ब्रशने मारलेला नव्हता तो. बोटांनी ओढलेला, वाकडातिकडा. शेजारी अंगठा.

ठशातून तिरकी रेघ गेली होती.

"ताई..." भावजय कुजबुजली, "हा तर..."

"काही बोलू नकोस. चल."

सहावा, सातवा, आठवा. सगळीकडे बाण. सगळे ओले, सगळे बरोबर वाट दाखवणारे. मी मनात म्हटलं, बाबा रे, तू माझं काम करून ठेवलंस, माझी चूक सावरलीस. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. भीती होती, पण बरंही वाटत होतं. अधूनमधून पुढे झाकण उघडल्यासारखा बारीक आवाज यायचा. आम्ही थांबलो की तोही थांबायचा.

मग फाटा आला. मोठा दगड.

त्याच्यावरचा बाण डावीकडे होता.

धुक्यात क्षणभर मलाच शंका आली, मीच तर उलटं धरत नाही ना? पण उजवीकडे त्या वाटेची खूण असलेलं वाकलेलं झाड होतं. अर्धंच दिसत होतं, पण तेच होतं.

भावजय डावीकडे निघाली.

"अगं ए, कुठे चाललीस? तिकडे कडा आहे!"

"ते दाखवतायत ना, ताई. इतके बाण बरोबर होते."

मी तिचं मनगट धरलं आणि जे इतके दिवस जमलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं. "ऐक माझं. तो चुकला नव्हता, मी चुकले. उतरणीचे बाण मी मारले नाहीत. तो सांगत होता, मी ऐकलं नाही. माझ्यामुळे गेला तो."

ती वळली. चेहरा अगदी शांत.

"मला माहीत आहे. बाण मारून आलात त्या संध्याकाळीच बोलले होते ते. ताईला दोनदा सांगितलं, ऐकलंच नाही, म्हणाले."

म्हणजे सगळं माहीत असून ती मला रोज कॉफी देत होती. तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं मला.

"तेव्हा ऐकलं नाहीत," ती हळूच म्हणाली, "आता तरी ऐका त्यांचं..."

आणि डावीकडून, धुक्यातून, दगडावर डबा ठेवल्याचा आवाज आला. ठक्. शेजारी येऊन तो ठेवायचा ना, तसाच.

कुठून बळ आलं कोण जाणे. मी हट्टाला पेटले. एका हाताने तिचं मनगट आवळून धरलं, दुसऱ्या हाताने टर्पेंटाइनची बाटली दगडावर ओतली, फडक्याने तो बाण खसाखसा पुसला आणि उजवीकडे वीतभर जाड बाण ओढला. मोठ्याने ओरडले, "माझं चुकलं रे धाकट्या! हजारदा चुकलं! पण हिला देणार नाही तुला!"

मी तिला अक्षरशः फरपटत उजवीकडे नेलं. झाडापासून पुढे धुकं विरळ झालं आणि खाली गाडीचं छप्पर दिसलं. भावजय गाडीत बसली, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, "मी कुठे चालले होते, ताई?"

तुमची चाळीस माणसं आली त्या रविवारी मी पहाटेच फाट्यावर जाऊन उभी राहिले. आधीच गेले म्हणून बरं. बाण पुन्हा डावीकडे होता. पुसला, उजवीकडे मारला, आणि सगळी माणसं उतरेपर्यंत हलले नाही. तेव्हापासून दर रविवारी हेच. तो डावीकडे करतो, मी उजवीकडे करते. हट्टी मी, हट्टी तो. एकाच आईची लेकरं ना आम्ही.

एवढंच असतं तर मी जन्मभर केलं असतं, तक्रार न करता.

पण गेल्या सोमवारपासून... ते दार बघा. आतली बाजू. दिवा उचला हवा तर. तो उजवीकडचा बाण माझा आहे. त्याच्याखाली पुसलेला पिवळा डाग दिसतोय? आणि त्याच्याशेजारी तो अंगठा? रंग कितीही पुसा, अंगठा निघत नाही.

तुम्ही येताना बघितलंत ना? दाराबाहेर उजवीकडे जिना. डावीकडे सज्जा तीन पावलांत संपतो आणि कठडा गुडघ्याएवढासुद्धा नाही. खाली दोन मजले. भावजय पहाटे पाचला पाळीवर निघते, अर्ध्या झोपेत, जिन्यातला दिवा कधी लागतो कधी नाही. म्हणून मी साडेचारपासून इथे बसते, डबा मांडीवर घेऊन. तिला मी स्वतः हाताला धरून जिन्यापर्यंत सोडते. एक दिवसही चुकणार नाही. एकदा चुकले तेवढं पुरे.

तीही बिचारी निमूट हात देते. फक्त आज सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली, मागे वळून सज्ज्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाली, "ताई, दोनदा सांगून झालंय त्यांचं. तिसऱ्यांदा ते सांगत बसणार नाहीत."

मी तिचा हात सोडला तेव्हा माझ्या तळव्याला ओला रंग लागला होता. आणि डबा तर मी अजून उघडलाच नव्हता.