दाराबाहेरून लिहिलेला रिपोर्ट

एप्रिलातल्या एका सकाळी कोंडीराम ओव्हाळ चिंचवडच्या बाजारात सुतळी घ्यायला थांबला. दवाखान्याच्या स्टोअरमधली सुतळी संपून पंधरा दिवस झाले होते आणि त्याचा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर झोपा काढत होता. फाडलेलं माणूस शिवल्याशिवाय घरच्यांच्या हवाली करता येत नाही, हे त्या टेबलाला कोण सांगणार? दुकानदाराने विचारलं, "पोती शिवायची का?" कोंडीराम म्हणाला, "व्हय." खरं सांगितलं असतं तर दुकानदाराने सुतळीचा तोडा लांबूनच फेकला असता.

साल सत्त्याहत्तरचं. माळावर दर महिन्याला नवी कंपनी उभी राहत होती. मराठवाड्यातून, कोकणातून माणसं येत होती, झोपड्या टाकत होती, शिफ्टला जात होती, आणि त्यातलं एखादं आठवड्याला कोंडीरामच्या ओट्यावर येत होतं. दवाखान्याच्या मागे कडुलिंबाखाली एक पत्र्याची खोली होती. तिला सगळे डेडहाऊस म्हणत. आत कडप्प्याचा ओटा, एक गळका नळ, फिनेलचा वास आणि फिनेलला अजिबात न जुमानणारा दुसरा वास. सूर्य मावळल्यावर फाडायचं नाही असा नियम होता, त्यामुळे इथलं सगळं काम दिवसाउजेडी चाले.

कागदावर हे काम डॉक्टर करत. प्रत्यक्षात सतरा वर्षांत डॉक्टरसाहेबांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. ते बाहेर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून, नाकाला रुमाल लावून बसत. आत कोंडीराम धुवायचा, बघायचा, चिरायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेक जागा मोठ्यांदा सांगत जायचा. डॉक्टर ऐकतील ते लिहीत. शेवटी सगळं वाचून दाखवत, आणि आतून कोंडीरामचं "बरोबर" आलं की खाली सही ठोकत. सरकारच्या लेखी कोंडीराम म्हणजे ओटा धुणारा शिपाई.

त्याचा आजा गावकीत मेलेली जनावरं ओढायचा. बापाने ते सोडलं. छप्पन साली घर बौद्ध झालं, देव्हारा गेला, जुनी नावं-नाती मागे पडली. आणि साठ साली सरकारने नोकरी दिली ती नेमकी ही. कोंडीरामला याचं कधी हसू यायचं, बहुतेक वेळा राग यायचा. तीन वर्षांनी तो रिटायर होणार होता आणि वारसा म्हणून हीच सुरी त्याच्या मुलाच्या, ज्योतीरामच्या हातात येणार होती. पोरगं आयटीआय करून फिटर झालेलं, दोन वर्षं कंपन्यांच्या गेटवर उभं राहून परत येत होतं. पोराच्या हातात ही सुरी येऊ द्यायची नाही, एवढा एकच हट्ट कोंडीरामने जन्मात धरला होता.

सुतळी घेऊन तो दवाखान्याच्या फाटकाशी आला तेव्हा चहाच्या टपरीवर दौलतराव उभे होते. माळावरच्या एका मोठ्या कंपनीचे लेबर ऑफिसर. त्यांच्या कंपनीतला रंगराव नावाचा कामगार काल संध्याकाळी मशीनवर कोसळून मेला होता आणि आत ओट्यावर पडला होता.

"उभ्याउभ्या गेला," दौलतराव म्हणाले. "हार्ट असणार."

"बगू की साहेब."

दौलतरावांनी चहाचा ग्लास स्वतःच्या हाताने पुढे केला. दवाखान्यातले लोक कोंडीरामला चहा द्यायचे तो वरून ओतून. "बघ ना. पण दिसेल ते सगळंच बोलून दाखवायला हवं असं नाही. डॉक्टर काही आत येत नाहीत." मग ते सहज बोलावं तसं म्हणाले, "तुझा मुलगा फिटर आहे म्हणे. जूनमध्ये आम्हाला एक लागेल."

कोंडीरामच्या हातातला चहा तसाच राहिला. आपल्या बोलण्यावर कागद ठरतो, हे सतरा वर्षांत ओळखणारा हा पहिला माणूस भेटला होता, आणि त्याला हवं होतं ते कोंडीरामने गप्प बसणं.

डेडहाऊसच्या भिंतीला टेकून रंगरावची बायको बसली होती. तानुबाई तिचं नाव. लातूरकडची, विशी-पंचविशीची, डोळे कोरडे. कोंडीराम जवळून जाताना ती म्हणाली, "मालक, सांभाळून करा. लई लागलं तरी ते बोलत न्हाईत."

कोंडीराम आत गेला.

रंगरावचे हात कोपरापर्यंत मशीनच्या तेलाने काळे होते. हवालदाराने पंचनाम्यात 'अंगावर खूण नाही' असं लिहिलं होतं ते त्या तेलावर विसंबून. कोंडीरामने साबण लावून उजवा तळहात धुतला आणि अंगठ्याच्या मुळाशी ती खूण दिसली. मुगाच्या डाळीएवढी, करडी, कोरडी. मध्ये खळगा, कडा उचललेल्या. असली खूण त्याने या ओट्यावर सहा-सात वेळा पाहिली होती. वीज आत शिरते ती जागा. रंगरावला मशीनच्या करंटने मारलं होतं, आणि हे सांगितलं तर कंपनीला तानुबाईचं काहीतरी बघावं लागलं असतं.

"चालू कर रे," बाहेरून डॉक्टर म्हणाले.

कोंडीरामने सांगायला सुरुवात केली. डोकं, जखम नाही. डोळे, अर्धे उघडे. मान, छाती, काही नाही. मग हात आले. त्याने त्या तळहाताकडे पाहिलं. नळातून पाणी ठिबकत होतं, पत्रा उन्हाने कडकडत होता, माश्या घोंगावत होत्या. तो गप्प राहिला. बाहेर डॉक्टर "काय?" म्हणाले, हवालदाराशी बोलत असतील असं त्याला वाटलं. थोडं थांबून तो म्हणाला, "पाय. काही न्हाई." आणि त्याने सुरी उचलली.

तासाभराने शिवून झालं. डॉक्टर बाहेरून वाचू लागले. डोकं, डोळे, मान, छाती… कोंडीराम आतून "बरोबर" म्हणत होता.

"उजवा तळहात, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याची खूण, मुगाच्या डाळीएवढी, कडा उचललेल्या."

कोंडीरामच्या हातातलं दाभण ओट्यावर पडलं.

"साहेब… हे मी न्हाई बोललो."

"दोनदा बोललास. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून मी 'काय' विचारलं." डॉक्टर वैतागले होते, उकाडा होता. "आणि आज आवाज का बसलाय तुझा? 'हाताला भाजलंय बघा मालक' म्हणालास. मला मालक कधीपासून म्हणायला लागलास?"

कोंडीरामने ओट्याकडे पाहिलं. रंगराव होता तसाच होता, तोंड किंचित उघडं. ते तोंड त्याने स्वतः फडक्याने बांधलं होतं. फडकं आता गळ्याशी सरकलेलं होतं.

इथे कोंडीरामला पळून जाता आलं असतं. किंवा नुसतं "बरोबर" म्हणता आलं असतं, बस, एवढा एक शब्द. तो घाबरला होता हे खरं. पण भीतीपेक्षाही त्याला जून महिना दिसत होता, कंपनीचा निळा युनिफॉर्म घातलेला ज्योतीराम दिसत होता. तो म्हणाला, "चुकून बोललो साहेब. तेल हुतं. धुतल्यावर निघालं."

डॉक्टरांनी ओळ खोडली, शेजारी बारीक सही केली आणि मरणाच्या कारणात हृदय लिहिलं. मेलेल्या माणसाने स्वतः साक्ष दिली आणि तीही खोडली गेली. जिवंतपणी तरी त्याचं कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

"काय निघालं मालक?" तानुबाईने विचारलं.

"काळीज बंद पडलं, बाई."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर आसंल." आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने ती प्रेत घेऊन नव्हे, नुसती राख घेऊन गावाकडे गेली.

जूनमध्ये ज्योतीराम कामाला लागला. कोंडीरामच्या बायकोने, कस्तुराने, थेरगावातल्या सगळ्या आळीला पेढे वाटले. कोंडीरामने आपल्या वाट्याचा पेढा परत पुड्यात ठेवला. महिनाभराने जेवताना पोरगं सहज बोललं, "बाबा, मला ते रंगरावचं मशीन दिलंय. त्याच्यावर कुणीच जाईना, म्हणून तर जागा निघाली."

कोंडीरामने ताट बाजूला सारलं.

"कदी कदी हात लावला की मुंग्या येत्यात. इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर तो म्हणतो, मशीनला काय धाड भरलीय? माणूस हार्टनं मेला, रिपोर्ट हाय."

"सोड ती नोकरी," कोंडीराम म्हणाला.

"तीन महिन्यांनी पर्मनंट होतोय. आन् सोडून काय करू? तुमची सुरी घेऊ?"

खरं सांगितलं तर पोरगं आपल्या तोंडाकडे पुन्हा बघणार नाही, याची त्याला भीती होती. रोज उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत त्याने जुलै घालवला, ऑगस्ट घालवला.

सप्टेंबरात एका दुपारी पवनेच्या पात्रात सापडलेला एक बेवारस म्हातारा ओट्यावर आला. पाण्याने फुगलेला, पांढरी दाढी. कोंडीरामने नेहमीसारखं सांगितलं, नेहमीसारखं शिवायला घेतलं. बाहेर डॉक्टर वाचू लागले.

"वय बावीस."

"साहेब, म्हातारा हाय."

"पोलिसांनीही साठ लिहिलंय. पण तू बावीस म्हणालास. तू बघतोयस, तुझंच खरं धरलं." डॉक्टर पुढे वाचत गेले. "अंगकाठी सडपातळ. केस काळे, कुरळे. कपाळावर डाव्या बाजूला जुना वण, चार टाके… ओबडधोबड, दाभणाने घातल्यासारखे."

कोंडीराम भिंतीला टेकला. ज्योतीराम सहा वर्षांचा असताना थेरगावच्या विहिरीच्या कठड्यावरून पडला होता. रात्रीची वेळ, दवाखाना लांब, हातात पैसा नाही. ते चार टाके कोंडीरामने स्वतः घातले होते, आणि कस्तुराशिवाय ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती.

"उजवा तळहात, अंगठ्याच्या मुळाशी…"

पुढचं त्याने ऐकलं नाही. हवालदाराची सायकल घेऊन तो तसाच निघाला, रबरी एप्रनसकट. कंपनीच्या गेटवर वॉचमनने अडवलं. दौलतरावांचं नाव घेतल्यावर ते बाहेर आले आणि त्याच्या अवताराकडे बघून दोन पावलं मागे सरले.

"साहेब, रंगरावच्या मशीनीत करंट हाय. पोराला भायेर काढा."

"कोण म्हणतं?"

"मी बगितलं हुतं. त्याच्या हातावर. ह्या डोळ्यांनी."

"तू बघितलं असशील," दौलतराव शांतपणे म्हणाले. "कागद काय म्हणतो? हार्ट. तुझ्याच तोंडचं आहे ते. शिफ्ट चालू असताना मशीन बंद केलं तर वरचे मला विचारतील. डॉक्टरांच्या सहीने दुरुस्ती आण, मी लगेच स्विच पाडतो."

त्यांचं बोलणं अगदी नियमाला धरून होतं. कोंडीराम गेटच्या गजांना धरून ज्योतीरामच्या नावाने ओरडला. आतल्या मशीनच्या घरघरीत ती हाक कोणाला ऐकू जाणार? शिफ्ट सुटायला अजून तासभर होता. त्याने सायकल फिरवली.

दवाखान्यात डॉक्टर अजून खुर्चीवर होते, मांडीवर तोच कागद. हवालदार सायकलची वाट बघत फाटकाशी उभा होता. आवारात दुसरं कोणी नव्हतं.

"कुठे उंडारत होतास? अर्धवट टाकून गेलास."

"साहेब, त्या रंगरावचा कागद दुरुस्त करा." कोंडीरामला धाप लागली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. "मी खोटं बोललो. खूण हुती. माझ्या पोरापायी खोटं बोललो. आत्ता लिवून द्या, पाया पडतो."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "देतो. पण आधी हा पुरा होऊ दे, एक रकाना राहिलाय. मृत्यूची वेळ. मघाशी तुला विचारली तर म्हणालास, 'थांबा मालक, वेळ मागून सांगतो.'"

"मी… मी न्हाई…"

"सांग आता लवकर. किती वाजता?"

कोंडीराम त्यांच्या समोर उभा होता. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. डॉक्टरांच्या पाठीमागे डेडहाऊसचं दार उघडं होतं. आत कोणीतरी घसा खाकरला.

डॉक्टरांनी कागदावर मान घातली आणि पेनाचं टोपण काढलं.